मधात काही करू नका

भाऊबीज झाली की आमच्याकडे माणसं भेटल्यावर तब्येत विचारत नाहीत. "तुमची मंडई कवा हाय जी?" असं विचारतात. माझा पोरगा सांगतो, पुण्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार. असेल. आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. आज एका गावची, उद्या शेजारच्या गावची, अशी ती फिरत राहते. हलका, म्हणजे लवकर येणारा धान कापून बांध्यांमध्ये पडलेला असतो. भारी धान अजून उभा असतो, हळूहळू पिवळा होत असतो. या दोन कापण्यांच्या मधात माणसाला थोडी पाठ सरळ करायला मिळते. मंडई त्या दिवसांची आहे.

आमची काल झाली. आज सकाळी पटांगणात जाऊन आलो. शिंगाड्याची काळी सालं, फुटलेले फुगे, मांडवाच्या खांबांचे खड्डे. गवतावर दव होतं आणि बायकांनी बसायला बोरे, म्हणजे रिकामी पोती, अंथरले होते त्या जागा गवतात चौकोनी दबलेल्या दिसत होत्या. आमच्या चौकोनाभोवती उसाची चिपाडं सगळ्यात जास्त पडली होती. दोन गाई तिथे उभ्या राहून चघळत होत्या. मी त्यांना हाकललं नाही.

बोऱ्याचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मंडईत दुपारी दंडार होते. गावातलेच बाप्ये लुगडी नेसून नाचतात, ढोलकी वाजते, सोंगं येतात, कोणाची तरी टिंगल होते. दंडार पाहायला बायका खाली बसतात आणि बाप्ये मागे उभे राहतात. असं कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण आहे. त्या दिवशी सकाळी शेणपाणी झालं की घरची बाई एक रिकामा बोरा घेऊन पटांगणात जाते, आपल्या जागेवर अंथरते, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवते आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागते. तो बोरा कोणी हलवत नाही. मोठ्या घरची बाई आली तरी नाही. जागा सासूकडून सुनेकडे जाते. आमची जागा माझ्या आईची होती. मग कौसल्याची झाली.

कौसल्या म्हणजे माझी बायको. मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि गेली. यात सांगण्यासारखं काही नाही. लोक सांगायला लावतात म्हणून मी पुष्कळ वेळा सांगितलं, आता सांगत नाही.

मंडईत मी दरवर्षी कडुनिंबाला टेकून उभा राहायचो. तिथून मला तिची पाठ दिसायची आणि अंबाडा. लग्नाच्या आधी तिला पहिल्यांदा पाहिलं तेही पाठीकडूनच, पवनीकडे तिच्या गावच्या मंडईत. मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ते पाय, हिरव्या लुगड्यातली." ती शेवटपर्यंत वळली नाही. मी घरी येऊन हो म्हटलं. पाठीवरून माणसाला काय कळते? काही कळत नाही. माझं नशीब बरं निघालं, एवढंच.

दंडार रंगात आली की मी उसाचं एक कांडं सोलून तिला नेऊन द्यायचो. बाकी तिला मी काही फार आणून दिलं असं नाही. लुगडं तिचं तीच घ्यायची, माझ्या डोळ्याला रंग कळत नाही म्हणायची. पण मंडईचा ऊस माझा. ती कांडं घ्यायची, माझ्याकडे न पाहता पदराखाली ठेवायची, आणि दिवस बुडाल्यावर घरी येऊन चुलीपुढे बसून चोखायची. चुलीच्या उजेडात तिची हनुवटी चिकट चमकायची. मला वाटायचं, मी दिलं म्हणून जपून ठेवते. हे मला बरं वाटायचं. जन्मभर बरं वाटत आलं.

ती गेल्यावर जी दिवाळी आली, त्या दिवाळीत तिच्या भावाचा फोन आला. दरवर्षी मंडईला तो येणार हे ठरलेलं. फोन करून विचारायची रीतच नव्हती. त्या वर्षी त्यानं विचारलं, "भाटवे, यंदा यावं का?"

"काहून, पाय दुखतेत का तुये?"

"तसं नाही जी. बहीण नाही त मंडई कोनाची?"

मी म्हटलं, "मंडई गावाची हाय. ये." पण तो आला नाही, आणि मलाही त्याला दुसऱ्यांदा फोन करावासा वाटला नाही. माणूस गेलं की त्याच्या मागे येणारी माणसंही जातात. हे कोणी आधी सांगत नाही.

त्याच दिवसांत कचऱ्याच्या गाडीवरचा भोंगा वेगळं बोलायला लागला. रोज ओला कचरा, सुका कचरा म्हणायचा. आता म्हणे, शहरातल्या बागा, मैदानं आणि मोकळ्या जागांचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचा आहे, नागरिकांनी समाजमंदिरात येऊन आपलं मत मांडावं. आमचं वैनगंगेच्या काठचं गाव आता शहर झालं आहे, हे मला त्या गाडीमुळेच आठवते. मी कधी कुठे मत मांडलं नव्हतं, मत दिलं होतं. ते वेगळं. पण घरात काम नव्हतं आणि पटांगणाचं नाव ऐकलं होतं, म्हणून गेलो.

जायच्या आधी पोराला फोन केला. दिलीप जवाहरनगरच्या फॅक्टरीत आहे, तिथेच क्वार्टरमध्ये राहतो. तो म्हणाला, "बाबा, चांगलंच होऊन राहिलं ना. आमच्या इकडे कसा बगीचा आहे, तसा आपल्या गावात होईल." त्याची आई गेल्यावर मी काही दिवस त्याच्याकडे राहिलो होतो. बगीचा खरंच चांगला. सावली, बाक, फुलं, झाडांच्या बुडांना चुना. मी एका बाकावर बसायचो. दुसरा म्हातारा यायचा तो दुसऱ्या बाकावर बसायचा. बाक पुरेसे होते, त्यामुळे कोणाला कोणाजवळ बसायची गरजच पडत नव्हती.

समाजमंदिरात भिंतीवर गावाचा नकाशा लावला होता. मला आधी गाव सापडेना. मग नदी सापडली आणि नदीवरून गाव. आमचं पटांगण म्हणजे एक हिरवा चौकोन होता, भोवताली कुंपण, एक फाटक आणि मधोमध कारंजं काढलेलं. नागपूरहून एक मॅडम आली होती, माझ्या लेकीच्या वयाची, लेक असती तर. गोड बोलायची आणि सगळं लिहून घ्यायची. म्हणाली, हे नुसतं चित्र आहे, तुम्ही सांगाल तसं बदलेल. असं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ही लिहीत होती.

लोकांना पुष्कळ काही पाहिजे होतं. पोरांना व्यायामाची लोखंडी यंत्रं. एकाला गावाच्या नावाची मोठी रंगीत अक्षरं, त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढायला. आमचे गुरुजी, आता पेन्शनीत आहेत, उठून म्हणाले, "चालायले गोल पट्टा पायजे. अर्धं गाव शुगरचं झालं." खरं होतं. माझ्या बाजूला बसलेले दोघंही शुगरचे होते.

मग मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, तुम्हाला काय वाटतं? वीस वर्षांनी ही जागा कशी असावी?"

"वीस वर्षांनी मी नाही राहत, मॅडम."

लोक हसले. ती हसली नाही. "तरी तुमचं मत मला हवंय."

"मंग मधात काही करू नका."

"म्हणजे?"

"मधात काहीच करू नका. कारंजं नको, झाड नको, तुमचं इकत आनलेलं गवतही नको. गवत हाय तठी. जागा रिकामी राहू द्या."

गुरुजी म्हणाले, "अरे बाबा, जागा रिकामी ठेवायले आराखडा कायले लागते?"

"तुमच्यासारखे लोक हायेत म्हनून लागते, गुरुजी."

मॅडम समजुतीनं बोलली. मंडई एक दिवस असते, बाकीचे दिवस लोकांना बाग मिळेल, मंडईसाठी फाटक मोठं ठेवू. मी म्हटलं, "फाटक आलं का त्याले कुलूप येते. मंडईच्या सकाळी बाया बोरे घेऊन येतीन, त किल्लीवाल्याले कोठी धुंडतीन?" मग मला बोऱ्याचं तिला समजावून सांगावं लागलं. सांगताना सारखं कौसल्याचं नाव तोंडात यायला लागलं, म्हणून मी आवाज चढवला. माझी ती सवय आहे. लोकांना वाटते, म्हातारा भांडून राहिला.

तेवढ्यात मागून यमुना वहिनी उठली. ही आमची शेजारीण. घर लागून आणि मंडईतला बोराही लागून. कौसल्या आणि ती लग्न होऊन एकाच उन्हाळ्यात या गल्लीत आल्या.

"भाऊजी, तुमाले काय जाते म्हनायले, मधात काही करू नका! नका करू मधात. पन काठाले?"

"काठाले काय?"

"संडास."

पुढच्या रांगेतल्या माणसांनी माना खाली घातल्या. वहिनी थांबली नाही. "लिहा मॅडम. बायांसाठी संडास. दंडारीले बसलेली बाई दिवस बुडाल्यावर उठते. बाप्ये जातेत त्या भिंतीमागं. आमी कोठी जावं? लुगडं नेसून बाई झालेला बाप्या बी भिंतीमागं जाऊन येते, अन् खरी बाई बसून राहते!"

आता सगळे हसले.

"हासा. कौसल्या मंडईच्या दिवशी सकाळचा चहा बी नोती पेत. पान्याचा घोट नाही, उसाचा तुकडा नाही. मी बी नाही पेत. कोनतीच बाई नाही पेत. इचारा आपापल्या घरी."

मॅडमनं लिहिलं. मी बसलो.

घरी येताना मला दुसरं काही सुचत नव्हतं, नुसतं ते उसाचं कांडं डोळ्यापुढे येत होतं. उसात पाणी असते. एवढंच होतं ते. ती जपून ठेवत नव्हती. तिला रस पोटात घ्यायचा नव्हता. मी उन्हात उभं राहून, सोलून, तोडून नेऊन द्यायचो आणि तहानलेली बाई ते पदराखाली ठेवून द्यायची. आधी मला राग आला. कोणाचा, ते कळलं नाही. मग चुलीपाशी गेलो आणि तिथे मात्र मला हसू आलं, कारण घरी येऊन तिनं ते खाल्लं होतं, हे तर खरं होतं. दरवर्षी खाल्लं होतं. रस हनुवटीवर आलेला मी पाहिला होता. तेवढं माझं राहिलं.

सभेतून निघताना मी मॅडमला म्हटलं होतं, "कागदावर काय पाहाल? मंडईले या." लोक असं म्हणतात आणि साहेब लोक हो म्हणतात. तिनंही हो म्हटलं.

मागच्या वर्षीच्या मंडईच्या सकाळी मी बोरा नेला नाही. ते बाईचं काम, घरात बाई नाही. जागा गेली, असं मनाशी धरून टाकलं. दुपारी ढोलकीचा आवाज आला तेव्हा घरात बसवेना, म्हणून गेलो. कडुनिंबाकडे जाताना सवयीनं तिकडे नजर गेली. बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. एकीचा गुडघा दुसरीच्या पाठीला लागत होता. आणि यमुना वहिनीच्या बोऱ्याच्या बाजूला बोऱ्याएवढी जमीन मोकळी होती. कोणीतरी झाडून ठेवलेली. चार कोपऱ्यांवर चार दगड.

वहिनीनं मला पाहिलं. "का जी भाऊजी, बोरा कोठी हाय?"

"कोनासाठी आनू?"

"जागा तुमची हाय न? मंग."

"मी कसा बसू बायांमधी?"

"यंदा तुमच्या घरची बाई तुमीच. जा, आना लवकर, पोट्टे घुसतेत."

बाया हसल्या. मी घरी गेलो, बोरा काढला. त्याला धानाचा वास होता. झटकला आणि घेऊन आलो. दगड उचलले, बोरा टाकला, दगड पुन्हा ठेवले, बसलो. इतक्या मंडया पाहिल्या, पण दंडार पहिल्यांदा तिथून पाहिली. मागून नुसती डोकी आणि रंगीत पदर दिसायचे. इथून नाचणाऱ्याचे पाय दिसत होते, घुंगरांची सुटत आलेली दोरी, धूळ, घामानं ओघळलेली पावडर. ढोलकी कानात नाही, छातीत वाजत होती. मी वळून कडुनिंबाकडे पाहिलं. ऊन तिकडून येत होतं, त्यामुळे तिथली माणसं नुसती काळी दिसत होती. कोण कुठे उभा आहे ते ओळखू येत नव्हतं. म्हणजे मी ऊस घेऊन जवळ येईपर्यंत तिला मी दिसतच नसेन. मला मात्र वाटायचं, तिला माहीत असेल.

मॅडम खरंच आली. गर्दीच्या काठाला उभी राहून फोटो काढत होती. मी हात केला. बोऱ्यावर अर्धी जागा होती. मी म्हटलं, "बसा. अठूनच दिसते." ती चपला काढून बसली. ती जागा कोणाची, ते मी सांगितलं नाही. वहिनीनं सांगितलं नाही.

ऊन होतं. थोड्या वेळानं मॅडमनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, प्यायली आणि वहिनीपुढे धरली. वहिनीनं मान हलवली. तिनं पलीकडच्या बाईपुढे धरली. तिनंही मान हलवली. तिच्या मागचीनंही.

"घ्या ना मावशी, किती ऊन आहे."

वहिनी तिच्याकडे वाकून म्हणाली, "पोरी, तू बी जास्त पिऊ नको. तुले नागपूरले जाचं हाय न?"

मॅडमनं हातातल्या बाटलीकडे पाहिलं. मग तिनं झाकण लावलं. दंडार संपेपर्यंत तीही प्यायली नाही. मी ते पाहिलं. जन्मभर बायकोच्या पाठीकडे पाहिलं आणि दिसलं नाही, ते एका दुपारी बोऱ्यावर बसल्यावर दिसलं. मी कमी पाहणारा होतो असं नाही. मी उभा होतो, ती बसलेली होती.

उन्हाळ्यात आराखड्याचा कागद नगरपरिषदेच्या फळ्यावर लागला. मी चष्मा घेऊन गेलो. चौथीपर्यंत शाळा झाली आहे, सावकाश वाचलं तर कळते. गुरुजींचा चालायचा पट्टा काठाकाठानं आला होता. फोटोची अक्षरं रस्त्याकडे गेली होती. कुंपण नव्हतं. मधात नुसता कोरा कागद. आणि नदीच्या बाजूला, कोपऱ्यात, दोन लहान चौकोन. महिलांसाठी, असं लिहिलेलं. मी त्या कोऱ्या जागेकडे पुष्कळ वेळ पाहत उभा राहिलो. शिपायानं विचारलं, काही हरवलं का.

यमुना वहिनीला येऊन सांगितलं, तर ती म्हणे, "दार कोनीकडं हाय?"

हे मी पाहिलं नव्हतं. पुन्हा गेलो. दार दंडारीच्या बाजूला होतं. वहिनी म्हणाली, सगळ्या गावासमोरून उठून कोणती बाई त्या दारात जाईल? मी तिसऱ्यांदा गेलो. नगरपरिषदेतला बाबू म्हणाला, "आजोबा, ही हरकत लिहू की सूचना?"

"त्यातलं जे मोठं असन ते लिहा. दार नदीकडं करा."

आराखडा अजून पक्का नाही. पक्का व्हायला किती दिवस लागतील, कोणी सांगत नाही. कागद बदलतात, साहेब बदलतात, नकाशावर उद्या पुन्हा कोणी कारंजं काढेल. मला त्याची फार खात्री नाही. पण पटांगण आज आहे तसं आहे, आणि यंदा मंडईपुरते पत्र्याचे आडोसे उभे केले होते, पाण्याचं पिंप ठेवलं होतं. मी आदल्या दिवशीच जाऊन पाहून आलो. दार नदीकडे होतं.

दिवाळीत मेहुण्याला मीच फोन केला. म्हटलं, "यावं का म्हनून इचारू नको. ये." तो आला. काल कडुनिंबाला टेकून उभा होता, माझ्या जागी.

मी सकाळीच शेणपाणी उरकून बोरा अंथरला होता. दुपारी जाताना घरचा माठ भरून नेला आणि बोऱ्याच्या अर्ध्यात, कौसल्याच्या बाजूला, रेतीची चुंबळ करून ठेवला. यमुना वहिनीनं माठाकडे पाहिलं, पत्र्याच्या आडोशाकडे पाहिलं. सोंगं सुरू झाली तशी ती उठली, पलीकडच्या बाईला कोपरानं ढोसून सोबत नेलं. परत आली, पदर सावरून बसली आणि माझ्यापुढे हात केला.

मी गिलास भरून दिला. तिनं तो वरून धरून, न थांबता, सगळा रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला.

"ओता जी आनखी. कंजूषी करू नका."

मी ओतलं. मग गिलास मागच्या रांगेत गेला, तिथून त्याच्या मागच्या. माठ हलका होत गेला.

नंतर मी ऊस सोलायला घेतला. यंदा एक कांडं नव्हतं, मोळीच आणली होती. तोडून तोडून बोऱ्यावर ठेवत गेलो आणि कांडी हातोहात पुढे जात राहिली. ढोलकी वाजत होती, कोणाची तरी टिंगल चालली होती, बाया तोंडभर रस घेऊन हसत होत्या. मी रांगेकडे पाहत होतो. एकीनंही कांडं पदराखाली ठेवलं नाही.